चंद्र कळतो, चंद्रोदय नाही

निपाणीच्या एका गिऱ्हाइकानं चंद्रकला दाखवणारं घड्याळ ऑइलिंगला दिलंय. डायल काढली आणि खाली निळी चकती दिसली. तिच्यावर दोन सोनेरी चंद्र, काठाला ५९ दाते. दिवसाला एक दात सरकतो, म्हणजे एका चंद्राला साडेएकोणतीस दिवस. खरा चंद्र २९ दिवस १२ तास ४४ मिनिटं घेतो. ती ४४ मिनिटं साठत साठत साधारण दोन वर्षं साडेसात महिन्यांनी एक दिवस चुकतो. (अधिक महिनाही जवळपास एवढ्याच अंतरानं येतो. कारण वेगळं, पण मला गंमत वाटली.) महागड्या घड्याळांत १३५ दात्यांचं चक्र असतं. तिथं एका दिवसाची चूक पडायला १२२ वर्षं!

रात्री जेवण बाजूला ठेवून मोबाईलवर पाटेक फिलिप या स्विस कंपनीच्या ६००२ या मॉडेलचे फोटो मोठे करकरून बघत बसलो. हे २०१३ चं घड्याळ. केसवर हातानं कोरलेली नक्षी, डायलवर निळं मीनाकाम. काचेची पूड भरायची, आठशेएक अंशांच्या भट्टीत भाजायची, परत भरायची, परत भाजायची. शेवटच्या भाजणीत तडा गेला की सगळं पाण्यात. माझ्या चिमट्यातून एक स्क्रू उडाला तर अर्धा तास मी खाली रांगत असतो, तेव्हा त्या कारागिरांना नमस्कारच.

मागच्या बाजूला ताऱ्यांचा नकाशा फिरतो. पण त्यावरची लंबगोल चौकट, म्हणजे दिसणारं आकाश, जिनिव्हाचं. माझ्या टेबलावरच्या घड्याळातली कोरही तिकडच्यासारखी उभीच. बेळगावात बीजेची कोर बघा, बरीचशी होडीसारखी आडवी असते.

"काय बघूलालास रे मघापासनं?" आई. संकष्टीचा उपास, त्यामुळे आवाज जरा चढा.

मी सांगितलं. किंमत सांगितली नाही.

"मग आज चंद्रोदय किती वाजता, सांगतंय काय ते?"

चंद्र मध्यान्हरेषा (डोक्यावरून जाणारी उत्तर-दक्षिण रेषा) कधी ओलांडतो ते दाखवतं, तेही जिनिव्हाचं. उगवतो कधी, ते नाही.

"मग ठेव तिकडं," म्हणून ती पूजेचं ताट घेऊन गच्चीवर गेली. मीही मागोमाग गेलो. पंचांगातली वेळ होऊन दहा मिनिटं झाली तरी चंद्र शेजारच्यांच्या पाण्याच्या टाकीमागंच.