मथळ्यातून खोडलेला एक शब्द

फायनलच्या रात्री आमच्या क्रीडा डेस्कवर दोन पानं लावून ठेवलेली असतात. एकात हा संघ जिंकलेला, दुसऱ्यात तो. ही सवय आम्हाला २० डिसेंबर २०१५ च्या रविवारने लावली. मडगावजवळच्या फातोर्डा स्टेडियमवर आयएसएलची, म्हणजे इंडियन सुपर लीग या फुटबॉल स्पर्धेची फायनल, एफसी गोवा विरुद्ध चेन्नईयन. ८७व्या मिनिटाला जोफ्रेच्या फ्री किकवर गोवा २-१ असा पुढे गेला आणि पणजीत आमच्या ऑफिसात पेढ्यांचा विषय निघाला. ९०व्या मिनिटाला आपल्याच गोलरक्षकाकडून, लक्ष्मीकांत कट्टीमनीकडून स्वयंगोल झाला. भरपाई वेळेत चेन्नईयनच्या मेंडोझाने तिसरा मारला आणि चेन्नईयनने करंडक नेला. पुढचा आठवडाभर ऑफिसात जो येई तो कट्टीमनीचंच नाव घेई. आधीची नव्वद मिनिटं कुणाच्या लक्षात नव्हती.

मग २० मार्च २०२२. पुन्हा रविवार, पुन्हा फातोर्डा, पुन्हा फायनल. या वेळी हैदराबाद आणि केरळ ब्लास्टर्स. हैदराबादच्या गोलमध्ये कट्टीमनी.

कोरोनामुळे लागोपाठ दोन मोसम आयएसएलचे सगळे सामने गोव्यातच झाले होते, तेही रिकाम्या स्टँडसमोर. फायनलला प्रेक्षक सोडले आणि केरळहून माणसं लोटली. आमचा वार्ताहर फोनवर ओरडत होता, "हांगा येवन पळय, सगळें हळदुवें!" (इथे येऊन बघ, सगळं पिवळं!) गंमत म्हणजे दोन्ही संघांचा नेहमीचा रंग पिवळाच, आणि गुणतक्त्यात वर असल्यामुळे पिवळी जर्सी हैदराबादला मिळाली होती. पिवळे कपडे घालून आलेले हजारो लोक गडद पट्ट्यांच्या जर्सीतल्या आपल्या संघासाठी घसा फोडत होते.

ऑफिसात मात्र फुटबॉलला दुय्यम जागा. विधानसभेचा निकाल १० मार्चला लागला होता, तरी मुख्यमंत्री कोण ते ठरलेलं नव्हतं. पहिलं पान त्यासाठी अडवून ठेवलेलं. आम्हाला सांगून टाकलं होतं, पान वेळेत सोडा, छपाई थांबणार नाही.

६८व्या मिनिटाला केरळच्या राहुलने लांबून फटका मारला. चेंडू कट्टीमनीच्या हाताला लागूनही आत गेला. आमच्याकडे पेडण्याची एक मुलगी शिकाऊ म्हणून नुकतीच लागली होती. तिने केरळचं पान उघडलं, स्कोअर भरला, फोटो बसवला. ८५व्या मिनिटाला तिने विचारलं, "सर, सोडूया?"

"थांब गो."

तिला वाटलं मी हैदराबादच्या बाजूचा. मी कुणाच्याच बाजूचा नव्हतो, फक्त २०१५ ला त्याच खुर्चीवर बसलो होतो. ८८व्या मिनिटाला साहिल तावोराने, बदली म्हणून आलेल्या आपल्या गोव्याच्या पोराने, पेनल्टी बॉक्सच्या बाहेरून व्हॉली मारली, हवेतला चेंडू थेट गोलात. १-१. जादा वेळेत काही झालं नाही. आता दोन्ही पानं फुकट, कारण पेनल्टी शूटआउट धरून आम्ही कुठलंच लावलं नव्हतं. छपाईकडून फोनवर फोन.

केरळच्या लेस्कोविचची पेनल्टी कट्टीमनीने अडवली. मग आला निशू कुमार. त्याचीही अडवली, पण रेफ्रींनी ती रद्द केली. फटका बसेपर्यंत गोलरक्षकाचा एक पाय तरी रेषेवर लागतो. कट्टीमनी आधीच पुढे सरकला होता. केलेलं काम चुटकीसरशी पुसलं गेलं. तो परत रेषेवर उभा राहिला. निशूने पुन्हा मारली, त्याने पुन्हा अडवली. नंतर जीकसनचीही. हैदराबादने ३-१ ने शूटआउट जिंकलं.

'सामन्यातून काय शिकावं' असा मजकूर रविवार पुरवणीसाठी माझ्याकडे अधूनमधून मागतात. त्यात हमखास पहिलं वाक्य असतं: हार मानू नका. माझा त्यावर विश्वास नाही. केरळ ब्लास्टर्सने कधी हार मानली? २०१४ ची फायनल हरले, २०१६ ची हरले, ही तिसरी. मला या सगळ्यात रेषेवर परत उभं राहणं तेवढं मोलाचं वाटलं. अडवलेली पेनल्टी पुन्हा अडवायची, त्यात नवीन काही मिळत नाही, आधी मिळालेलंच परत मिळवायचं असतं. रात्री साडेदहानंतर तिसरं पान लावणाऱ्या माणसाला हे फार जवळून कळतं.

मुलीने भराभर मथळा टाइप केला: 'कट्टीमनीने कलंक धुतला'. वाचायला झणझणीत. मी 'कलंक' खोडला. ती नाराज झाली. म्हणाली, "पण सर, त्याच मैदानावर तोच माणूस! स्टोरी तीच आहे."

स्टोरी आहे, कबूल. पण २०१५ ची फायनल गोवा हरला तो हरलाच, ती ३-२ कुठल्याही शूटआउटने बदलत नाही. आणि स्वयंगोल हा कलंक असेल तर तो त्याला लावला कुणी? पानं लावणाऱ्यांनीच ना? उद्या तिच्या कॉपीतली चूक सात वर्षांनी कुणी मथळ्यात काढली तर? हे शेवटचं मी तिला बोललो नाही, वेळच नव्हता. 'कट्टीमनीच्या हातांनी हैदराबाद विजेता' असा साधा मथळा गेला, आणि २०१५ चा उल्लेख बातमीत सहाव्या परिच्छेदात, दोन ओळींत.

सकाळी पहिला फोन एका वाचकाचा. तावोराने गोल मारला नसता तर शूटआउट झालंच नसतं, मग त्याचा फोटो पोस्टाच्या तिकिटाएवढा का? मी म्हटलं, "भाऊ, खाली जाहिरात होती."

"कसली?"

"सिमेंटची."

ते पाच मिनिटं सिमेंट कंपन्यांवर बोलले.