कागद नाहीत म्हणून पोरीला परत पाठवू नका

सोलापूर स्टेशनच्या बाजूला फुटपाथवर राहणाऱ्या एका आईसोबत मी जूनमध्ये शाळेत गेले. मुलगी नऊ वर्षांची, शाळेचं तोंड न पाहिलेली. जन्मदाखला, आधार, रेशनकार्ड, काहीच नाही. "घरच न्हाई बाई, पत्त्याचा कागद कुठनं आणू?" आई म्हणाली. "कागदपत्रं जमवा, मग या," असं उत्तर मिळालं.

असं उत्तर कायद्यात बसत नाही. 1 एप्रिल 2010 पासून लागू असलेल्या शिक्षण हक्क कायद्याचं कलम 14 सांगतं की वयाचा पुरावा नाही म्हणून प्रवेश नाकारता येणार नाही. कलम 15 प्रमाणे वर्षाच्या मध्येच आलेल्या मुलालाही घ्यावं लागतं. आणि कलम 4 मला सगळ्यात मोलाचं वाटतं: मूल वयाप्रमाणे वर्गात बसवायचं आणि मागे राहिलेलं विशेष प्रशिक्षणानं भरून काढायचं. नऊ वर्षांच्या पोरीला पहिलीच्या चिमुरड्यांत बसवलं की ती लाजेनं आठवडाभरात शाळा सोडते, हे मी शिक्षिका म्हणून पाहिलंय. शिवाय अशा उशिरा आलेल्या मुलाला चौदा वर्षं उलटली तरी आठवीपर्यंतचं शिक्षण मोफतच मिळतं.

ही कलमं वाचून दाखवल्यावर त्याच दिवशी नाव पटावर आलं.

खरी कसोटी त्यानंतर. पुस्तकं मोफत मिळतात, पण पावसात ती ठेवायची कुठे? वर्गशिक्षिकेनं तिचं दप्तर वर्गाच्याच कपाटात ठेवून घेतलं. गृहपाठ शाळा सुटल्यावर तिथेच. एवढ्याशा सोयीनं पोरगी टिकली. जानेवारीत सिद्धेश्वरांच्या गड्ड्याच्या यात्रेला घरचे सगळे होम मैदानावर फुगे विकतात. मुलगीही जाते आणि शाळा बुडते. अशा वेळी नाव कमी करण्याची घाई नको. मैदानावर जाऊन तिला बोलावून आणा. स्थलांतरित कुटुंबांच्या मुलांना प्रवेश मिळेल हे पाहणं कलम 9 नं महापालिकेवर टाकलंय, तेव्हा हे कुणा एका बाईंच्या चांगुलपणावर सोडायचं काम नाही.

तुमच्या ओळखीत असं मूल असेल आणि शाळा नाही म्हणत असेल, तर महापालिकेकडे लेखी तक्रार द्या, पोच घ्या. कलम 32 प्रमाणे तीन महिन्यांत निर्णय द्यावा लागतो. नाही पटला तर राज्य बाल हक्क संरक्षण आयोगाकडे अपील करता येतं. मूल एकटंच, निराधार दिसलं तर मुलांच्या मदतीचा 1098 हा नंबर लावा.