कॉपी तपासून परत देणार कोण? पत्रकारितेच्या पदवीपासून डिजिटल डेस्कपर्यंत

पत्रकारितेची पदव्युत्तर पदवी करावी का, असं पदवीच्या शेवटच्या वर्षातली मुलंमुली मला वरचेवर विचारतात. मी तो अभ्यासक्रम २०२३ ते २०२५ या काळात केला, त्यातच इंटर्नशिप केली आणि आता एका मराठी वृत्तपत्राच्या डिजिटल डेस्कवर, म्हणजे संकेतस्थळासाठी बातम्या तपासून चढवणाऱ्या विभागात, काम करते. फोनवर पाच मिनिटांत देता येईल असं उत्तर माझ्याकडे नाही, म्हणून सगळं लिहून काढते आहे.

प्रवेशाबद्दल फारसं सांगण्यासारखं नाही. सामान्यज्ञान, भाषा, दिलेल्या तपशिलावरून बातमी, मग मुलाखत. पहिल्या वर्षी पत्रकारितेचा इतिहास, संज्ञापनाचे सिद्धांत, वृत्तलेखन, माध्यम कायदे. दुसऱ्या वर्षी जाहिरात, जनसंपर्क, संशोधन पद्धती आणि प्रबंध. यातला कुठलाही विषय काढून टाका असं मी म्हणणार नाही. इतिहासाचंच घ्या. बाळशास्त्री जांभेकरांनी ६ जानेवारी १८३२ रोजी ‘दर्पण’ सुरू केलं ते मराठी आणि इंग्रजी असे शेजारी-शेजारी स्तंभ ठेवून. आपण कोणासाठी लिहितो आणि ते आणखी कोणी वाचायला हवं, याचा केवढा विचार त्या मांडणीत आहे! यावर अख्खा तास बोलायला हवं होतं. आमच्याकडून तारीख पाठ करून घेतली आणि परीक्षेतही तीच आली.

माध्यम कायद्यांच्या तासाला तर मला राग यायचा. १ मार्च २०२४ पासून १८६७ चा छापखाने आणि पुस्तकं नोंदणीचा कायदा जाऊन २०२३ चा नवा नियतकालिक नोंदणी कायदा लागू झाला. १ जुलै २०२४ पासून भारतीय दंड संहितेच्या जागी भारतीय न्याय संहिता आली. अब्रुनुकसानीची ४९९ आणि ५०० ही कलमं आता ३५६ मध्ये आहेत, आणि बलात्कार पीडितेची ओळख उघड करण्याबद्दलचं २२८-अ आता ७२ झालं आहे. हे सगळं आम्ही वर्गात असताना घडत होतं आणि आम्ही मात्र पिवळ्या पडलेल्या नोट्सच्या झेरॉक्स वाचत होतो. विचारलं तेव्हा ‘अभ्यासक्रम बदलेपर्यंत पेपरात जुनंच लिहा’ असं सांगण्यात आलं.

कलमाचे आकडे पाठ असण्यानं पत्रकार होत नाही, हे मला मान्य आहे. पण पोक्सो या, मुलांवरच्या लैंगिक अत्याचारांविरोधातल्या, कायद्याचं कलम २३ एकदा नीट वाचलेलं असलं की रात्रीच्या घाईत हात थांबतो. त्या कलमानं फक्त पीडित मुलाचं किंवा मुलीचं नाव छापायला मनाई केलेली नाही. पत्ता, फोटो, कुटुंबाची माहिती, शाळा, शेजार, ओळख पटेल असा कुठलाही तपशील त्यात येतो. छोट्या गावाचं नाव, वडिलांचा व्यवसाय आणि मुलीची इयत्ता एवढं एका बातमीत आलं की नाव न छापताही सगळ्या गावाला मुलगी कळते. अशा कॉपी, म्हणजे बातमीचे मसुदे, वार्ताहरांकडून आजही येतात आणि त्यातून काय गाळायचं हे डेस्कवरच्या नवख्या माणसाला ठरवावं लागतं.

या दोन वर्षांत खरं शिकवलं ते तासिका तत्त्वावर येणाऱ्या एका सरांनी. अनेक वर्षं बातमीदारी केलेला माणूस. त्यांनी प्रत्येकाला माहिती अधिकाराचा एकेक अर्ज करायला लावला. महाराष्ट्राच्या नियमांप्रमाणे अर्जात एकच विषय, मर्यादा १५० शब्दांची, शुल्क १० रुपये. आमचे पहिले मसुदे म्हणजे भाषणंच होती, ‘शाळांच्या दुरवस्थेला जबाबदार कोण?’ अशा धाटणीची. सरांनी सगळे परत केले. ‘मत विचारू नका, कागद मागा. कागदाचं नाव लिहा,’ असं ते म्हणाले. मग मी जिल्हा परिषदेच्या एका शाळेच्या दुरुस्तीची प्रशासकीय मान्यता, अंदाजपत्रक, कार्यारंभ आदेश, मोजमाप पुस्तिका आणि अंतिम देयक मागितलं.

तीस दिवसांची मुदत संपता संपता उत्तर आलं की माहिती विस्तृत स्वरूपाची असल्याने कार्यालयात येऊन अभिलेख पाहून घ्यावेत. मला वाटलं, टोलवलं. सर म्हणाले, ‘अगं, याहून चांगलं काय हवं? जा आणि बस.’ गेले. मोजमाप पुस्तिका मी पहिल्यांदा त्या दिवशी हातात घेतली. लांबी, रुंदी, उंची, त्यावरून निघालेलं परिमाण. इतकं चौरस मीटर प्लास्टर, इतका रंग, इतक्या खिडक्या. नोंदींखाली अभियंत्याची सही आणि तारीख. अंदाजपत्रक शेजारी ठेवून एकेक ओळ जुळवत गेले. छपराची दुरुस्ती अंदाजपत्रकात होती, मोजमाप पुस्तिकेत तिची नोंदच नव्हती, आणि देयक तेवढ्यानं कमी निघालेलं होतं.

गावात सगळे ‘पैसे खाल्ले’ म्हणत होते. वर्ग गळतो ही त्यांची तक्रार शंभर टक्के खरी होती, पण पैसे खाल्ल्याचा आरोप निदान या कागदांवर टिकत नव्हता. काम अर्धवट सोडलं होतं आणि उरलेलं पुन्हा कोणी काढलं नव्हतं. बातमी झाली ती ही. गावात नुसती चक्कर मारून आले असते तर मी वेगळीच बातमी लिहिली असती, आणि ती वाचायला जास्त जोरदार झाली असती. सरांनी माझी कॉपी वाचली, समासात प्रश्न लिहिले, परत दिली. पुन्हा लिहिली, पुन्हा परत दिली. संपूर्ण अभ्यासक्रमात माझं लिखाण इतकं बारकाईनं वाचणारे ते एकटेच. पुढच्या सत्रात त्यांच्या तासिका कमी झाल्या.

इंटर्नशिपला गेले तेव्हा वाटलं होतं, आता डेस्कवर कोणीतरी हाताला धरून शिकवेल. जुनी मंडळी सांगतात ती पद्धत तशीच होती. वार्ताहराची कॉपी उपसंपादकाकडे, तिथून मुख्य उपसंपादकाकडे जायची. बाहेरगावी जाणारी डाक आवृत्ती आणि नंतरची शहर आवृत्ती यांच्या मधल्या वेळात नवख्याला बोलावून लाल शाईनं भरलेला कागद समोर ठेवला जायचा. वर्तमानपत्राचं डेस्क हीच पत्रकारितेची खरी शाळा होती आणि महाविद्यालयांचे अभ्यासक्रम ती शाळा पुढे आहेच, असं गृहीत धरून बेतले गेले. पण जाहिरातीच्या पैशाचा मोठा हिस्सा गूगल आणि मेटाकडे वळला, २०२० च्या टाळेबंदीत पानं कमी झाली, आवृत्त्या बंद पडल्या, माणसं घरी गेली. मी ज्या डेस्कवर गेले तिथे एकच माणूस कॉपी घेतो, शीर्षक देतो, कीवर्ड टाकतो, फोटो लावतो, बातमी चढवतो आणि नोटिफिकेशन सोडतो. तो कुणाला कधी शिकवणार? संस्था म्हणते, मुलं तयार होऊन यावीत. महाविद्यालय म्हणतं, प्रत्यक्ष काम नोकरीत शिकाल. दोन्ही घरचा पाहुणा उपाशी, तशी आमची गत होते.

तरी माझं नशीब बरं म्हणायचं. आमच्या डेस्कवर एक ज्येष्ठ उपसंपादक आहेत, सगळे त्यांना ताई म्हणतात. एका रात्री व्हॉट्सअपवर एका शासन निर्णयाचा फोटो फिरू लागला की राज्य कर्मचाऱ्यांचं निवृत्तीचं वय ५८ वरून ६० केलं. मथळा, विभागाचं नाव, सही, सगळं जागच्या जागी. दुसऱ्या साइट्सनी बातमी चढवलीसुद्धा आणि आमच्याकडे ‘अजून का नाही?’ अशी विचारणा सुरू झाली. ताईंनी मला शेजारी बसवलं. ‘शेवटचा परिच्छेद वाच. संकेतांक काय आहे?’ प्रत्येक शासन निर्णयाच्या शेवटी तो शासनाच्या संकेतस्थळावर उपलब्ध असल्याचं लिहिलेलं असतं आणि पुढे एक लांबलचक आकडा असतो. त्या आकड्याची सुरुवात वर्ष, महिना, दिवस अशी होते. फोटोतला आकडा वरच्या तारखेशी जुळत नव्हता. संकेतस्थळावर टाकला तर भलत्याच विभागाचा बदल्यांचा निर्णय उघडला. बातमी आम्ही लावली नाही. तपासायला दहा मिनिटंही लागली नाहीत, पण ती दहा मिनिटं थांबू द्या असं वरच्यांना सांगायला ताईंचा अनुभव लागला. मी एकटी असते तर माझं कोणी ऐकलं असतं का, शंका आहे.

आता यंत्र भाषांतर करतं, सारांश काढतं, शीर्षकाचे पर्याय देतं. त्याला माझा विरोध नाही; वृत्तसंस्थेकडून आलेल्या कॉपीवर आमचा पुष्कळ वेळ वाचतो. पण दहा लाखांचं कोटी झालेलं, बैठकीतली मागणी मंजुरी म्हणून आलेली, हे ओळखायला वाचणारा तयार लागतो. यंत्रानं लिहिलेली वाक्यं गुळगुळीत असतात, त्यामुळे डोळा पटकन घसरून पुढे जातो. मला मोजमाप पुस्तिकेची एकेक ओळ जुळवायची सवय लागली होती, ती इथे उपयोगी पडते.

म्हणून प्रवेश घेण्याआधी विभागात जाऊन चौकशी करा. स्टुडिओ किती मोठा आहे आणि कॅमेरे कोणते आहेत, हे ते आपण होऊन दाखवतीलच. तुम्ही विद्यार्थी सरावासाठी काढतात तो प्रायोगिक अंक मागून घ्या आणि तो वर्षातून किती वेळा निघतो ते विचारा. पूर्णवेळ शिक्षक किती, तासिका तत्त्वावर किती, आणि गेल्या वर्षीचे आजही शिकवतात का, हे विचारा. कायद्याच्या नोट्स पाहा. त्यात अजून ४९९ असेल तर समजून जा. आणि शिकून गेलेल्या कुणाला तरी गाठून विचारा की त्याची कॉपी कोणी खुणा करून परत दिली होती का. याचं उत्तर ‘हो’ आलं तर खुशाल प्रवेश घ्या, इमारत कशीही असो.

मी शिकले त्या विभागातल्या काही मुलांच्या कॉपी मी सध्या रविवारी तपासून देते. आणखी कुणाला पाठवायची असेल तर जरूर पाठवा, फक्त बातमीसोबत मूळ कागद जोडा. तो नसेल तर मी वाचायला घेत नाही.