फॅरो शिकताना: बावन्न पत्त्यांची अचूक वीण

हिंगणघाट तालुक्यातील एका जिनिंगमध्ये मी कापसाच्या काट्यावर काम करतो. दिवाळीनंतर गाड्यांची रांग लागते ती होळीपर्यंत हटत नाही, आणि त्यानंतर मृग लागेपर्यंत हाताला फारसे काम नसते. अशा रिकाम्या उन्हाळ्यांत मी पत्त्यांच्या जादूतील फॅरो ही पिसण्याची जुनी पद्धत शिकलो. शिकण्याचा हा काळ मी कल्पना केली होती त्यापेक्षा बराच लांबला, परंतु त्यातून जे हाती लागले ते कोणाला तरी उपयोगी पडावे, या इच्छेने हे लिहीत आहे.

फॅरोमध्ये करायचे असते ते सांगायला सोपे आहे. कॅट बरोबर मधोमध कापून २६-२६ पत्त्यांचे दोन भाग करायचे आणि ते एकमेकांत असे विणायचे की एका भागातील एक पत्ता, दुसऱ्यातील एक, पुन्हा पहिल्यातील एक, हा क्रम शेवटपर्यंत कुठेही मोडू नये. सर्वांत वरचा पत्ता वरच आणि सर्वांत खालचा खालीच राहिला, तर तो ‘आउट’ फॅरो. ते दोन्ही एकेक घर आत गेले, तर ‘इन’ फॅरो.

आमच्या गावात पारावर दुपारचा डाव रंगतो. तिथे बसणाऱ्या एका वयस्क काकाजींनी माझा सराव बराच वेळ निरखून पाहिला आणि म्हणाले, “बाबू, हे पिसनं नोय, हे तं पत्ते लावनं हाय.” एका वाक्यात त्यांनी या पद्धतीचे मर्म सांगितले होते. साधे पिसणे पत्त्यांचा क्रम मोडते ते हाताच्या अनियमिततेमुळे; कुठे दोन पत्ते एकत्र पडतात, कुठे तीन. ती अनियमितता पूर्णपणे काढून टाकली की पिसणे हे ठरावीक नियमाने होणारे स्थलांतर बनते. नियम ठाऊक असणाऱ्याला प्रत्येक पत्ता कुठे गेला ते सांगता येते. सलग आठ आउट फॅरो केले की ५२ पत्त्यांचा कॅट जसाच्या तसा मूळ क्रमावर येतो. इन फॅरोने तोच क्रम परत यायला मात्र ५२ वेळा विणावे लागते.

जुगाऱ्यांना हे मर्म फार आधी कळले होते. फॅरो हा मुळात पैसे लावून खेळायचा डाव. तो फ्रान्समध्ये रुळला आणि १९व्या शतकात अमेरिकेत त्याचे अक्षरशः वेड होते. त्यात डीलर प्रत्येक फेरीला दोन पत्ते काढत असे. पहिल्या पत्त्यावर लावलेले पैसे अड्ड्याचे होत आणि दुसऱ्यावर लावणारा जिंके. दोन्ही पत्ते सारखेच निघाले, म्हणजे दोन सत्त्या किंवा दोन राण्या आल्या, तर त्या पत्त्यावरील निम्मी रक्कम अड्ड्याकडे जाई. प्रामाणिक खेळात अड्ड्याचा फायदा जवळजवळ एवढाच होता. त्यामुळे हव्या त्या ठिकाणी अशा जोड्या आणून ठेवणारा हात डीलरला सोन्यासारखा वाटला असल्यास नवल नाही. जॉन नेव्हिल मॅस्केलाइन या इंग्रज जादूगाराने जुगारातील लबाडी उघड करणारे जे पुस्तक १८९४ साली प्रसिद्ध केले, त्यात फॅरो डीलरच्या या पिसण्याचे वर्णन आहे.

माझा सर्वाधिक वेळ गेला तो दोन गोष्टींत. पहिली, बरोबर २६ पत्त्यांवर कापणे. यासाठी मी कॅटमध्ये काळे पत्ते वर आणि लाल पत्ते खाली लावून घेत असे. कापल्यावर वरच्या भागाचा शेवटचा पत्ता काळा आणि खालच्या भागाचा पहिला पत्ता लाल निघाला की काप बरोबर मधोमध झाला, हे लगेच कळते. अंगठ्याला जाडीची ओळख हळूहळू होते, आणि एकदा झाली की डोळ्यांनी तपासण्याची गरज कमी होत जाते. या रचनेचा आणखी एक लाभ आहे. पहिल्या आउट फॅरोनंतर काळा-लाल-काळा-लाल अशी ओळ दिसली पाहिजे. दुसऱ्या फॅरोनंतर दोन काळे, दोन लाल, पुन्हा दोन काळे. वीण कुठे सुटली असेल, तर पत्ते पसरताक्षणी ती जागा डोळ्यांत भरते.

दुसरी गोष्ट म्हणजे कडा. जोर लावून पत्ते एकमेकांत शिरत नाहीत, हे समजायला मला संपूर्ण पहिला उन्हाळा लागला. दोन्ही भाग पाटावर ठोकून त्यांच्या कडा तंतोतंत सारख्या करायच्या, वरचे कोपरे एकमेकांना टेकवायचे आणि तर्जनीने किंचित दाब देऊन हलकेच मागेपुढे करायचे. नीट जमले असेल, तर पहिले काही पत्ते कोपऱ्यावर एकाआड एक उघडतात आणि मग ती वीण आपोआप खालपर्यंत धावत जाते. बारीक कागद फाटावा तसा आवाज होतो. कारखान्यात पत्ते मोठ्या तावातून पात्याने कापले जातात, त्यामुळे त्यांच्या कडेला एका बाजूने अगदी सूक्ष्म उतार राहतो. एकच कॅट एका दिशेने सहज विणला जातो आणि उलट दिशेने अडतो, त्याचे कारण हेच. कॅट अडत असेल, तर तो चित्राची बाजू वर करून पुन्हा विणून पाहावा.

हवामानाचा भागही लहान नाही. वैशाखात आमच्याकडे हवा इतकी कोरडी असते की बोटांची टोके गुळगुळीत होतात आणि पत्ता पकडीत राहत नाही. सरकी आणि रुईची धूळ हातावर बसली असेल, तर अधिकच. मी सरावापूर्वी हात धुऊन थोडे खोबरेल चोळतो आणि ते पूर्ण पुसून काढतो. पाऊस सुरू झाला की कागदी पत्ते ओल धरून फुगतात, म्हणून ते तांदळाच्या डब्यात ठेवावे लागतात. आठवडी बाजारातील प्लास्टिकचे पत्ते ओल धरत नाहीत, पण ते फार घसरतात. नवशिक्याने त्यांच्यावर शिकू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

फॅरोचा डाव २०व्या शतकात मागे पडत गेला आणि पुढे जवळजवळ नाहीसा झाला, परंतु त्याचे पिसणे जादूगारांनी जिवंत ठेवले. या पुनरुज्जीवनात मला सर्वांत जवळचा वाटतो तो स्कॉटलंडमध्ये जन्मलेला आणि पुढे संगणकाच्या क्षेत्रात काम करणारा अ‍ॅलेक्स एल्म्सली. वरचा पत्ता हव्या त्या क्रमांकावर नेण्याची रीत त्याने १९५०च्या दशकात मांडली. पुढच्याच वर्षांत शिकागोच्या एडवर्ड मार्लोने हाताच्या तंत्रावर स्वतंत्र पुस्तक लिहिले. १९८३ साली पर्सी डायकोनिस, रॉन ग्रॅहम आणि विल्यम कँटर यांनी अचूक पिसण्याच्या गणितावर शोधनिबंध प्रसिद्ध केला. त्यांपैकी डायकोनिस हा किशोरवयात घर सोडून डाय व्हर्नन या जादूगारासोबत फिरलेला माणूस. लबाडीसाठी घडलेले कौशल्य अशा माणसांच्या हाती जाऊन निर्मळ झाले, याचा मला मनापासून आनंद वाटतो.

एल्म्सलीची रीत अशी. पत्ता अकराव्या जागी न्यायचा असेल, तर त्याच्या वर दहा पत्ते हवेत. दहा ही संख्या द्विमान पद्धतीत, म्हणजे फक्त शून्य आणि एक हे अंक वापरून, १०१० अशी लिहितात. डावीकडून वाचत जायचे. एक आला की इन, शून्य आले की आउट. म्हणजे इन, आउट, इन, आउट. वरचे पत्ते अनुक्रमे एक, दोन, पाच आणि दहा होतात. इन फॅरोने वरच्या पत्त्यांची संख्या दुप्पट होऊन त्यात एकाची भर पडते, तर आउटने ती फक्त दुप्पट होते, एवढेच त्यामागचे कारण आहे. हे मी जिनिंगच्या काट्याजवळ बसून वजनाच्या पावतीच्या पाठीमागे मांडून पाहिले आणि उत्तर जुळले, तेव्हा पुढचे दोन तास मी निरनिराळे क्रमांक घेऊन तेच करत होतो.

गेल्या गणेशोत्सवात मंडळाच्या मांडवात हा प्रयोग मी पहिल्यांदा लोकांसमोर केला. बदामाची राणी वर ठेवून एका मुलीला दहा ते वीसमधला आकडा विचारला. तिने सतरा सांगितला. सतरासाठी वर सोळा पत्ते, म्हणजे १००००. एक इन आणि मागोमाग चार आउट. पाच फॅरो सलग अचूक करणे हे चारपेक्षा बरेच अवघड असते, कारण एका ठिकाणी सुटलेली वीण पुढच्या प्रत्येक फेरीत पसरत जाते. मुलीने स्वतः मोजून सतरावा पत्ता उलटला, तो राणीचाच होता. ज्यांना हे शिकायचे आहे त्यांनी आधी १६ पत्त्यांवर सुरुवात करावी. तिथे चार आउट फॅरोंत मूळ क्रम परत येतो, हात थकत नाही आणि वीण कुठे सुटते ते स्पष्ट दिसते. नंतर ३२ पत्ते घ्यावेत, त्यांना पाच लागतात. तिथे हात बसला की मगच पूर्ण कॅट हाती घ्यावा.