लुआंग्वा: धरण नसलेल्या नदीच्या काठी

झांबियाची राजधानी लुसाकाहून छोट्या विमानानं साउथ लुआंग्वा राष्ट्रीय उद्यानाजवळच्या म्फुवेला निघालं की तासाभरात खाली लुआंग्वा नदी दिसायला लागते. एक वळण संपतं न संपतं तोच दुसरं, आणि दोन्ही अंगांना जुन्या पात्राचे तुटलेले तुकडे पाण्यानं भरलेले. नालाकृती सरोवरं शाळेच्या भूगोलात पाठ केली होती; इतकी सगळी एकदम डोळ्यांनी पहिल्यांदाच पाहिली. शेजारी बसलेला भाचा लुसाकात नोकरी करतो. तो म्हणाला, "मावशी, पुढच्या वर्षी आलीस तर हीच नदी दुसरीकडून वाहत असेल."

मी कराडची. कृष्णा-कोयनेच्या संगमावर वाढले. आमच्याकडे नदीला पाणी किती येणार हे वर कोयनेचे आणि धोमचे दरवाजे किती उघडले यावर ठरतं. देशात सर्वांत जास्त मोठी धरणं महाराष्ट्रात आहेत, आणि त्या पाण्यावरच आमची शेतं उभी आहेत, त्याबद्दल माझी तक्रार नाही. पण मोकळी नदी कशी वागते, हे मी कधी पाहिलंच नव्हतं. लुआंग्वा मलावीच्या सीमेजवळच्या माफिंगा डोंगरात उगम पावते आणि सुमारे ७७० किलोमीटर वाहून झांबेझीला मिळते. तिच्या मुख्य प्रवाहावर एकही मोठं धरण नाही. सप्टेंबरअखेरीला आम्ही गेलो तेव्हा पाणी आटून पात्रात नुसती वाळू आणि मधून मधून डोह. फेब्रुवारीत हेच पात्र दुथडी भरून काठ कापत निघतं.

लॉज अशाच एका कापलेल्या काठावर. मोजक्याच खोल्या, गवताचं शाकारलेलं छप्पर, नदीकडची बाजू पूर्ण उघडी, फक्त जाळी. पलंगावर मोठी मच्छरदाणी. नहाणीघराला छत नाही. दगडी टबात बसलं की वर एबनीच्या फांद्या. प्रत्येक खोलीला छोटा तरणतलावही होता, तो मला अनावश्यक वाटला. समोर अशी नदी असताना निळ्या टाइल्सकडे कोण बघणार? खरी चैन होती ती ओट्यावरच्या दोन खुर्च्यांत. दुपारी दोन सफारींच्या मधल्या वेळात मी तिथून हललेच नाही.

कारण समोर पाणघोडे. लुआंग्वात त्यांची गर्दी आफ्रिकेत सर्वांत दाट असणाऱ्या ठिकाणांपैकी एक आहे, आणि कोरड्या महिन्यांत उरल्यासुरल्या डोहांत सगळ्यांना अंग चोरून राहावं लागतं. दीड-दीड टनाची जनावरं एकमेकांच्या पाठीवर माना टाकून पडलेली. कुणी हललं की भांडण, मग जबडे उघडून डरकाळ्या, मग पुन्हा शांत. त्यांची कातडी उन्हात फुटते म्हणून ते दिवसभर पाण्यात राहतात. अंगातून लालसर द्रव पाझरतो, तो उन्हापासून आणि जंतूंपासून त्यांना वाचवतो. अंधार पडला की एकेक करून काठ चढतात आणि रात्रभर गवत खातात. आमच्या खोलीमागच्या गवतातही ते येत. पहिल्या रात्री कचाकच गवत तोडण्याचा आवाज ऐकून मी उठून बसले; नंतर त्या आवाजातच झोप लागायला लागली.

लॉजला कुंपण नाही. म्हणून सूर्य मावळल्यावर खोलीतून जेवणाच्या जागेपर्यंतसुद्धा एकट्यानं जायचं नाही. पहारेकरी बॅटरी घेऊन न्यायला येतो आणि परत सोडतो. एकदा वाटेतच हत्तीण उभी होती. पहारेकऱ्यानं हातानंच थांबायची खूण केली. ती शेंगा वेचत होती, तिचं झाल्यावर ती गेली, मग आम्ही जेवायला गेलो.

त्या शेंगा विंटरथॉर्नच्या, आपल्या बाभळीच्या नात्यातल्या झाडाच्या. हे झाड पावसाळ्यात पानं गाळतं आणि कोरड्या दिवसांत हिरवं होतं. आजूबाजूचं सगळं रान वाळलेलं असताना त्याच्या शेंगांवर हत्ती, पुकू हरणं, माकडं जगतात.

पहाटे साडेपाचच्या सुमाराला कॉफी घेऊन पायी निघणं हा माझ्यासाठी या मुक्कामाचा कळस होता. ताडोबात जिप्सीतून खाली पाय टेकवायची परवानगी नसते. इथं चालत जाणं हीच परंपरा. ती सुरू केली नॉर्मन कार या वनाधिकाऱ्यानं. १९५० मध्ये त्यानं न्सेफू या टोळीप्रमुखाला आपल्या जमिनीचा एक भाग पाहुण्यांसाठी राखायला राजी केलं, आणि येणारं उत्पन्न तिथल्या लोकांना मिळेल असं ठरवलं. शिकारीऐवजी प्राणी पाहायला येणाऱ्यांकडून पैसे, ही कल्पना त्या काळात फार नवी होती. साउथ लुआंग्वाला राष्ट्रीय उद्यानाचा दर्जा त्यानंतर बऱ्याच वर्षांनी, १९७२ मध्ये मिळाला. आज ते ९,०५० चौरस किलोमीटरचं आहे.

चालताना सगळ्यांत पुढे वन्यजीव खात्याचा बंदूकधारी रक्षक, मग गाईड, मग आम्ही एकामागे एक. बोलायचं नाही, आणि काहीही झालं तरी पळायचं नाही. गाडीतून मोठे प्राणी दिसतात. पायी चालताना त्यांनी मागे ठेवलेलं सगळं दिसतं. पाणघोड्याची वाट मी आता कुठेही ओळखीन: मधे उंचवटा आणि दोन्ही बाजूंना दोन खोल चाकोऱ्या, डाव्या पायांची एक, उजव्या पायांची एक. हत्तीचं शेण काठीनं फोडून गाईडनं विंटरथॉर्नच्या अख्ख्या बिया दाखवल्या. मोपाने नावाच्या झाडाची पानं जोडपानांची, थेट दसऱ्याच्या आपट्याची आठवण करून देणारी. आणि एका उंच वारुळावर चक्क चिंच! चिंच मूळची आफ्रिकेचीच. गाईड तिला ब्वेंबा म्हणाला. वारुळाची माती कसदार असते, पुराचं पाणीही तिथवर चढत नाही, म्हणून ती तिथं रुजते. त्या झाडाखाली थांबून आम्ही चहा घेतला. दूर उभे असलेले जिराफ आमच्याकडे बघत होते. ते थॉर्निक्रॉफ्ट जिराफ, लुआंग्वाच्या खोऱ्याबाहेर जगात कुठेही नाहीत.

परतताना काठाच्या सरळ उभ्या भिंतीपाशी गाईडनं आम्हाला बसवलं. भिंत भोकांनी भरलेली, आणि भोकांतून येणारे-जाणारे शेकडो किरमिजी पक्षी. आपल्या वेड्या राघूचे हे मोठे भाऊबंद. ऑगस्ट-सप्टेंबरात इथं येतात आणि काठात मीटर-दोन मीटर खोल बिळं खणून अंडी घालतात. मी विचारलं, यांना हाच काठ का लागतो? गाईड म्हणाला, दर पुरात नदी काठ कापते, ताजी उभी भिंत तयार होते. जुनी भिंत ढासळून उतार झाला की घोरपडी चढून अंडी खातात. म्हणजे पूर थांबला तर भिंत नाही, आणि भिंत नाही तर हे पक्षी नाहीत. नालाकृती सरोवरं, त्यांच्या कडेचं गवत, ते खाणारे पाणघोडे, सगळं त्याच पुरावर उभं. या नदीवर न्देवू घळीत वीजनिर्मितीसाठी मोठं धरण बांधायचा प्रस्ताव होता. २०१९ मध्ये झांबिया सरकारनं तो पुढे नेला नाही. झांबियाला विजेची गरज आहे, लुसाकात भाच्याच्या घरी तासन् तास वीज जाते, हे मी पाहिलंय. तरीही त्या भिंतीसमोर बसून मला हा निर्णय योग्यच वाटला.

रात्रीची सफारी हे इथलं आणखी एक वेगळेपण. आठपर्यंत उघड्या गाडीतून दिवा घेऊन फिरता येतं. बिबट्या आम्हाला दोनदा इतक्या जवळून दिसला की त्याच्या मिशा मोजता आल्या असत्या. गेंडा मात्र या खोऱ्यातून चोरट्या शिकारीनं पुसला गेला. २००३ पासून खोऱ्याच्या उत्तरेकडच्या नॉर्थ लुआंग्वा उद्यानात काळे गेंडे परत आणून सोडले आहेत. आम्ही होतो त्या भागात ते नाहीत. सत्तरच्या दशकात या खोऱ्यात हजारो होते, हे ऐकून जेवताना बराच वेळ कुणी बोललं नाही.

जेवणाचं सांगायलाच हवं. पाहुण्यांसाठी युरोपीय पद्धतीचं चार प्रकारांचं जेवण असे, ते उत्तमच होतं. पण आम्ही शाकाहारी म्हटल्यावर स्वयंपाकघरातल्या बाईंनी एका दुपारी त्यांचं स्वतःचं जेवण वाढलं: पांढऱ्या मक्याच्या पिठाची घट्ट शिमा आणि शेंगदाण्याचं कूट घालून शिजवलेली पालेभाजी. हातानं गोळा करायचा, भाजीत बुडवायचा, खायचा. "झिकोमो", म्हणजे धन्यवाद, म्हणून मी दोनदा मागून घेतलं. तुम्ही गेलात तर आवर्जून मागा, यादीत लिहिलेलं नसतं.

जाणाऱ्यांसाठी थोडं. हे लॉज महाग आहेत, त्यात शंका नाही. मात्र दरात जेवण, सफारी, गाईड सगळं धरलेलं असतं. नोव्हेंबर ते एप्रिल पावसामुळे बरेचसे बंद. जून-जुलै थंड आणि सुखाचा, पण पाणघोड्यांची गर्दी आणि किरमिजी पक्षी हवे असतील तर सप्टेंबर-ऑक्टोबरचं ऊन सोसावं लागतं. दुपारी पारा चाळिशीला टेकतो. मलेरियाच्या गोळ्या डॉक्टरांना विचारून आधीपासून सुरू करा. कपडे मातकट रंगाचे घ्या. त्सेत्से माश्या गडद निळ्या आणि काळ्या रंगाकडे येतात, आणि त्यांचा चावा कपड्यातूनही लागतो. लहान मुलं बरोबर असतील तर आधी विचारून घ्या, कारण पायी सफारीला बारा वर्षांखालच्या मुलांना सहसा नेत नाहीत.