रोव्ह भुंगेऱ्याचं वर्णन लिहिताना

सोमवार

डार्विनिलस सेडारिसी. चार्ल्स डार्विनने १८३२ साली अर्जेंटिनातल्या बाहिया ब्लांकाला पकडलेला रोव्ह भुंगेरा, म्हणजे आखूड पंखांच्या भुंगेऱ्यांच्या कुलातला एक. वर्णन प्रसिद्ध झालं १२ फेब्रुवारी २०१४ रोजी, मुद्दाम डार्विनच्या वाढदिवशी. लंडनच्या नॅचरल हिस्टरी म्युझियममधून उसने मागवलेल्या दुसऱ्याच जीनसच्या (जवळच्या प्रजातींच्या गटाच्या) नमुन्यांत तो कीटकशास्त्रज्ञ स्टायलियानोस खात्झिमानोलिस यांना दिसला. डोकं हिरवं झळाळणारं, मिशा करवतीसारख्या दातेरी. प्रजातीच काय, जीनसही नवा निघाला. सेडारिसी हे नाव लेखक डेव्हिड सेडारिस यांचं, कारण नमुने तयार करताना खात्झिमानोलिस त्यांची पुस्तकं कानाला लावून ऐकत. ज्याने हे काम केलंय त्याला यात गंमत वाटणार नाही, पटेलच.

नवी प्रजाती जंगलात सापडते, ही बातम्यांतली समजूत. जंगलात फक्त भुंगेरा सापडतो. तो नवा आहे हे टेबलावर ठरतं, आणि तेही जुने नमुने शेजारी ठेवल्यावर.

मंगळवार

रोव्ह भुंगेऱ्यांच्या कुलात आजवर ६० हजारांहून अधिक प्रजातींना नावं मिळाली आहेत. वरचे कडक पंख आखूड, त्यामुळे पोटाचे बरेचसे खंड उघडे. हे खंड दुर्बिणीच्या नळ्यांसारखे एकमेकांत सरकतात. अल्कोहोलमध्ये पोट ताणलं जातं, वाळल्यावर आखडतं. म्हणून ‘लांबी ६ मिमी’ एवढ्यावर कुणी प्रजाती वेगळी काढत असेल तर वाचणं तिथेच थांबवावं. डोक्याच्या पुढच्या कडेपासून कडक पंखांच्या मागच्या कडेपर्यंतचं माप भरवशाचं. त्याशिवाय डोळ्यांसकट डोक्याची रुंदी, छातीवरच्या ढालीची लांबी-रुंदी, आणि दोन पंख जुळतात त्या रेषेवरची पंखांची लांबी.

कार्डावर चिकटवलेल्या नमुन्याचं डोकं बहुधा खाली झुकलेलं असतं, मग त्याची लांबी कमी भरते. जो भाग मोजायचा तो आधी आडवा सपाट करायचा. पुढची आणि मागची कड एकाच वेळी फोकसमध्ये दिसली तरच आकडा लिहायचा. नर-मादी वेगळे मोजावेत. सरासरीबरोबर सर्वांत लहान आणि सर्वांत मोठं मापही द्यावं, नाहीतर पुढच्याच्या हातात जरा थोराड नमुना आला की तो त्याला नवी प्रजाती म्हणून मोकळा.

रंगाचंही तसंच. कोषातून नुकताच बाहेर पडलेला भुंगेरा फिकट, मऊ असतो. असे फिकट नमुने वेगळी प्रजाती म्हणून छापले की ते निस्तरायला पुढच्या पिढीला बसावं लागतं.

गुरुवार

खरा निकाल नराच्या जननांगावर. स्टेनससारख्या जीनसमध्ये, जिथे ज्ञात प्रजातीच ३ हजारांच्या वर आहेत, बाहेरून हुबेहूब सारखे दिसणारे भुंगेरे फक्त याच भागाने वेगळे ओळखू येतात.

वाळलेला नमुना कोमट पाण्यात मऊ होऊ द्यायचा. घाई केली की मिशा आणि पायांची टोकं तुटतात. मग दोन बारीक सुयांनी पोटाचे शेवटचे खंड सोडवायचे, सगळं पोट फाडायचं नाही. आठव्या खंडाच्या खालच्या पट्टीवरची खाच पुढे वर्णनात लागते. काढलेला भाग १० टक्के पोटॅशियम हायड्रॉक्साइडमध्ये, थंड असेल तर काही तास, गरम केलं तर काही मिनिटं. दर थोड्या वेळाने बघत राहावं. जास्त वेळ राहिला तर आतली पडद्याची पिशवी इतकी पारदर्शक होते की तिच्यावरचे काटे असून नसल्यासारखे. नंतर पाण्याने धुऊन ग्लिसरीनमध्ये.

चित्र काढताना वर काचपट्टी ठेवू नये. दाबाने आकार पसरतो. एकाच प्रजातीची दोन लेखांतली चित्रं जुळत नाहीत, त्यामागे पुष्कळदा एवढंच कारण असतं. खळगा असलेली स्लाइड घ्यावी आणि खालून व बाजूने, दोन्ही चित्रं काढावीत. शेवटी ते अंग ग्लिसरीनच्या सूक्ष्म कुपीत घालून त्याच नमुन्याच्या पिनला टोचायचं. वेगळ्या डबीत ठेवलं की एक दिवस चुकामूक होतेच.

शुक्रवार

भारतापुरतं बोलायचं तर वाट कीटकतज्ज्ञ माल्कम कॅमेरॉनपाशी येऊन थांबते. १९३० ते १९३९ या काळात त्याने ब्रिटिश इंडियाच्या फॉना (प्राणिजात) मालिकेत या कुलाचे खंड लिहिले. काम अफाट. पण बरीच वर्णनं चार-सहा ओळींची, जननांगाच्या चित्राविना, आणि त्याचे मूळ नमुने लंडनला. सह्याद्रीतल्या पाल्यातून चाळलेला स्टेनस नवा म्हणण्याआधी ते नमुने, निदान त्यांचे नीट फोटो, बघितलेच पाहिजेत. ते टाळून छापलेलं नाव पुढे समानार्थी नावांच्या यादीत जाऊन बसतं.

लेबलाचा कंटाळा करू नये. गाव, जिल्हा, राज्य, अक्षांश-रेखांश, उंची, अधिवास, पकडण्याची पद्धत, तारीख, पकडणाऱ्याचं नाव. महिना रोमन आकड्यात लिहितात, कारण ५-६ म्हणजे पाच जून की सहा मे हे नंतर कुणालाच सांगता येत नाही. अधिवास ‘जंगल’ एवढाच लिहिला तर न लिहिल्यासारखंच. ‘ओढ्याकाठचा कुजका पाला’ म्हटलं तर तिथे परत जाता येतं. अल्कोहोलच्या बाटलीत लेबल पेन्सिलीने लिहिलेलं बरं.

रविवार

नियमांचा भाग रुक्ष, पण नाव याच्यावरच टिकतं. २००० सालापासून होलोटाइप, म्हणजे नाव ज्याच्याशी बांधलेलं असतं तो एक नमुना, स्पष्ट नेमून तो कोणत्या संग्रहात ठेवला हे लेखातच लिहावं लागतं. ते राहिलं तर नाव ग्राह्यच धरलं जात नाही. फक्त ऑनलाइन निघणाऱ्या लेखाची झूबँकमध्ये, म्हणजे प्राण्यांच्या नावांच्या ऑनलाइन नोंदवहीत, आधी नोंद हवी, आणि तसा उल्लेख लेखातही हवा. नाव एका पुरुषावरून असेल तर शेवटी ‘आय’, स्त्रीवरून असेल तर ‘एई’. भारतात जैवविविधता कायदा, २००२ च्या कलम ३९ प्रमाणे नव्या प्रजातीची माहिती नेमलेल्या संग्रहालयाला कळवून नमुना तिथे जमा करायचा असतो. वनखात्याची परवानगी मात्र पकडण्याआधी, नंतर नाही.

होलोटाइपला लाल लेबल. पॅराटाइप, म्हणजे वर्णनासाठी वापरलेले बाकीचे नमुने, असतील तर सगळे एका कपाटात ठेवू नयेत. सप्टेंबर २०१८ मध्ये रिओच्या राष्ट्रीय संग्रहालयाला आग लागली, तेव्हा तिथला बहुतेक कीटकसंग्रह जळून गेला. दोन-तीन संस्थांत वाटून द्यावेत, आणि कुठे किती दिले तो आकडा लेखात छापावा.