आमची वाटचाल: रोख खरेदी, उधार विक्री

आमच्या सुक्या कचऱ्याच्या धंद्यात खरेदी रोखीनं होते आणि विक्री उधारीवर. कचरा वेचणाऱ्या मावश्या संध्याकाळी पोती काट्यावर ठेवतात, तेव्हा पैसे हातात लागतात. आमच्या बेल, म्हणजे निवडलेल्या मालाचे दाबून बांधलेले गठ्ठे, नेणारे कारखाने मात्र ओलावा आणि भेसळ वजा करून ४५ ते ६० दिवसांनी बिल चुकतं करतात. लघुउद्योगाचं बिल जास्तीत जास्त ४५ दिवसांत द्यावं असं २००६ चा कायदा सांगतो. पण कायदा पुढे केला की पुढची ऑर्डर दुसरीकडे जाते. मधले दिवस कुणाच्या पैशावर काढायचे, याचं उत्तर शोधण्यातच आमची बरीच वर्षं गेली.

सुरुवात कोल्हापुरात कसबा बावड्याच्या बाजूला भाड्याच्या शेडमध्ये झाली. तोवर मावश्यांचा सुका माल सरसकट एका भावानं जायचा. आम्ही भाव फोडून लावला: पांढरी पेट (पाण्याच्या बाटलीचं प्लास्टिक) बाटली वेगळी, हिरवी वेगळी, झाकणं वेगळी, दुधाच्या पिशव्या वेगळ्या. दूध संस्थेत फॅट-एसएनएफवर (स्निग्धांश आणि दुधातले बाकीचे घन घटक) दर लागतो, तसा इथे निवडीवर. पण दुधाचं बिल दहा दिवसांनी आलं तरी शेतकऱ्याचं घर चालतं. आमच्या मावश्यांकडे ना शेत ना म्हैस. "दादा, रेशन आज आणायचंय, उद्याचं काय सांगतोस?" हे पहिल्याच आठवड्यात ऐकलं.

निवड हे या धंद्यातलं खरं कसब. पाण्याच्या टबात तुकडे टाकले की पेट तळाला बसतं, झाकणाचं प्लास्टिक तरंगतं. मावश्यांना टब लागत नाही. पिशवी मुठीत चुरगाळली की झालं: पीपी (पॉलिप्रॉपिलीन) कडकड वाजतं, एलडी (दुधाच्या पिशवीसारखं मऊ पॉलिथिन) मऊ राहतं आणि ओढलं की ताणत जातं. पेटच्या बेलमध्ये थोडं पीव्हीसी (पाइपांचं प्लास्टिक) गेलं तरी अख्खा लॉट पिवळा पडू शकतो, म्हणून त्यांच्या बोटांवर आमचा सगळा भाव उभा आहे. असं कौशल्य अकुशल मजुरीत मोजलं जातं, याचा मला राग येतो.

२०१९ च्या महापुरात राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगा ५५ फुटांच्या वर गेली. धोका पातळी ४३ फुटांची. पाणी ओसरल्यावर गाद्या, कपडे, पुठ्ठे, चिखलानं माखलेलं प्लास्टिक गल्लोगल्ली पडलं होतं. माल भरपूर आणि गल्ल्यात रोख नाही. बँकेनं तारण विचारलं. शेड भाड्याची आणि माल भंगार. बचत गटानं आणि नातेवाइकांनी तेव्हा तारलं.

त्यानंतर आम्ही इम्पॅक्ट इन्व्हेस्टिंगच्या वाटेला लागलो. परताव्याबरोबर सामाजिक फायदाही मोजून मागणारी ही गुंतवणूक. भेटलेल्या बहुतेकांना यंत्रासाठी पैसे द्यायचे होते. आम्ही म्हटलं, बेलिंग मशीनचं बघता येईल, आधी खेळतं भांडवल द्या, म्हणजे रोजच्या खरेदीला रोख. एकानं ते मानलं. परतफेड ठरावीक हप्त्यानं नाही, महिन्याच्या विक्रीतला ठरलेला हिस्सा. पावसाळ्यात आवक घटते. कच्चं तेल उतरलं की नवं प्लास्टिक स्वस्त होतं आणि आमचा भाव पडतो. अशा महिन्यांत हप्ताही तेवढाच कमी होतो.

काय मोजायचं यावर बरीच चर्चा झाली. ओला माल तोलला तरी टन वाढतात, म्हणून निव्वळ टनांना आम्ही नकार दिला. किती जणींना त्याच संध्याकाळी पूर्ण पैसे मिळाले, हा आकडा आम्ही पाठवतो.

२०२२ च्या नियमांनी प्लास्टिक बाजारात आणणाऱ्या कंपन्यांवर ते परत गोळा करण्याची जबाबदारी नेमून दिली. त्याची प्रमाणपत्रं नोंदणीकृत प्रक्रिया करणाऱ्याकडे तयार होतात. वेचणारीचा त्यात आपोआप वाटा नाही. वेफर्सच्या बहुपदरी पुड्यांना तर भंगारात भावच नाही, ते सिमेंट भट्टीत इंधन म्हणून जातात. ते गोळा करण्याची मजुरी आम्ही आता करारातच घालून मागतो.

सध्या बोलणी मावश्यांना भागधारक करण्याची चालू आहेत. सहकाराच्या या जिल्ह्यात सभासद म्हणजे काय, हे त्यांना समजावून सांगावं लागलं नाही. त्यांनी थेट विचारलं, लाभांश कधी आणि मत किती. एका सभासदाला एक मत, शेअर कितीही असोत, असं आम्ही मसुद्यात घातलं आहे. गुंतवणूकदाराची बाजू याच कलमावर अडली आहे, आणि ते कलम आम्ही काढणार नाही.